भिंतीआडच्या तारेचे वय

दिवाळीत वहीपूजनापूर्वी आपण पेढी झाडून घेतो, मालाची मोजदाद करतो, येणे-देणे तपासतो. भिंतीआड दडलेल्या विजेच्या तारेचे वय मात्र कोणी विचारत नाही. दिवा लागतो, म्हणजे तार ठीक, असे आपण गृहीत धरतो.

प्लास्टिकलाही वार्धक्य येते आणि ते दोन परींचे असते. कडक प्लास्टिकची वस्तू साच्यातून निघून लवकर थंड होते, तेव्हा तिच्यातील रेणूंच्या लांब साखळ्या सैलच राहतात. पुढे वर्षानुवर्षे त्या दाटीने बसत जातात. रासायनिक बंध न तुटताच वस्तू किंचित आकसते, ठिसूळ होते. उष्णतेला व विद्युतक्षेत्राला मिळणारा तिचा प्रतिसादही बदलतो. हे भौतिक वार्धक्य. डच शास्त्रज्ञ स्ट्रुइक यांनी १९७८ साली यावर ग्रंथच लिहिला.

तारेवरील पीव्हीसी वेष्टणाची गोष्ट निराळी. ते लवचीक राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळतात. उष्णतेने हे द्रव्य उडून जाते आणि वेष्टण वाकवताच तडकते. भेगेत ओल शिरली की वीज झिरपते, त्याने उष्णता वाढते आणि वेष्टण आणखी झिजते.

सामान्य पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे, हा अभियंत्यांचा ढोबळ नियम. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. सांगलीच्या पत्र्याच्या गोदामात उन्हाळ्याचा ताप आधीच असतो. त्यात पंख्या-दिव्यांसाठी घातलेल्या जुन्या तारेवर आपण वातानुकूलन यंत्र चढवतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले. तेव्हा भिजलेल्या तारा वाळल्या म्हणून निर्धोक ठरत नाहीत. साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत तार लाकडी तुळईलगत जाते. तेथे एक ठिणगीही पुरे.

म्हणून परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तारांची चाचणी करून घ्यावी. रोध एक मेगाओहमहून कमी भरला, तर दोष शोधून तार बदलावी. गळती ओळखून प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवावे. पेढी बंद करताना अनावश्यक जोडण्या तोडाव्यात.

आणि यंदा वहीच्या पहिल्या पानाआड एक ओळ लिहावी : तार केव्हा घातली, केव्हा तपासली. पिढ्यांच्या कमाईची राखण त्या ओळीनेही होते.