जाड्या, आळशी वगैरे

मागच्या रविवारी प्रताप नगरला ताईकडे गेलो होतो. तर्री पोहे, वर भरपूर सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये) आणि सोबत नेहमीचा विषय, भाच्याचं वजन. पोरगं तेरा वर्षांचं. शेजारच्या काकू आल्या आल्या म्हणाल्या, "काय रे, अजून फुगूनच राहिला का तू?" सगळे हसले. मीही हसलो, कबूल करतो. पोरगं पोहे तसेच टाकून आतल्या खोलीत निघून गेलं.

(नाव लिहिणार नाही. ताईला सांगूनच हे लिहितोय, ती चिडली आहे हा भाग वेगळा.)

फ्रीजवर डाएट चार्ट लावलाय. सकाळी कोमट पाणी, चार बदाम, अकरा वाजता काकडी. भाऊजींनी जिमची तीन महिन्यांची फी आगाऊ भरून टाकलीये. पण हा मुलगा गेल्या दीड वर्षात क्रिकेट खेळायला गेलेला नाही, हे कोणीच बोलत नाही. पूर्वी अंधार पडला तरी मैदानावरून ओढून आणावं लागायचं त्याला. आता रात्री दोनपर्यंत जागा, शाळेतून आला की झोप, मित्र तुटले, काही विचारलं की खेकसतो. आणि वजन वाढलं ते यानंतर, आधी नाही. सर्व्हर पडला की आपण आधी लॉगमधली वेळ बघतो ना, काय आधी झालं आणि काय नंतर? मग घरच्या पोराच्या बाबतीत डोकं कुठे ठेवतो आपण?

मी म्हटलं, "ताई, एकदा मानसोपचारतज्ज्ञाला दाखव." तिने असं बघितलं जणू मी त्याला भरती करायला सांगतोय. "लहान पोरांना कसलं आलंय डिप्रेशन? सगळं तर मिळून राहिलं त्याला!"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार. आणि मुलांचं नैराश्य दरवेळी रडत येत नाही, चिडचिड हेही त्याचं ठळक लक्षण असतं. आपण त्याला 'उर्मट झालाय' म्हणतो आणि मोकळे होतो.

वजनाशी याचा संबंध? २००१ साली 'पीडिआट्रिक्स' या नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. नैराश्य असलेली ९० मुलं आणि कुठलाही मानसिक आजार नसलेली ८७ मुलं, दोघांनाही दहा-पंधरा वर्षांनी परत गाठलं. पहिल्या गटाचा सरासरी बीएमआय २६.१, दुसऱ्याचा २४.२. औषधं, व्यसनं, घरची परिस्थिती, सगळं हिशेबात धरूनही फरक राहिलाच. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, त्यामुळे हे दोन अंक किरकोळ नाहीत.

"पण जाड आहे म्हणूनच उदास असेल," इति भाऊजी. असू शकतं. २०१० मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात दोन्ही बाजूंनी धोका दिसला. लठ्ठ माणसाला पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त, आणि नैराश्य असलेला पुढे लठ्ठ होण्याची ५८ टक्क्यांनी जास्त. बरं, मग तर 'फुगला' म्हणणं दुप्पट मूर्खपणाचं झालं! ज्या पोराला अंथरुणातून उठवत नाही, त्याला ट्रेडमिलवर उभं करून वर टोमणे मारायचे. झोप बिघडलेली, हालचाल बंद, बरं वाटावं म्हणून रात्री बिस्किटांचा पुडा... यात आळस कुठे आहे?

मी डॉक्टर नाही. भाच्याला नैराश्यच आहे असं मी म्हणत नाही, ते तपासून ठरेल. पण तपासायला तरी न्याल की नाही? नागपुरात मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. दीडशेच्या वर वर्षं झाली, आणि शहराने त्यातून उचललं काय, तर एका चौकाचं नाव आणि एक शिवी. तिकडे जायची लाज वाटत असेल तर मेडिकलला मानसोपचार विभाग आहे, खाजगी डॉक्टर आहेत. तेही नको तर १४४१६ वर फोन करा, २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा फुकट आहे. जिमच्या फीपेक्षा स्वस्त, बाप्पा.

ताईचं शेवटचं उत्तर, "परीक्षा होऊ दे, मग बघू." म्हणजे अजून पाच महिने. त्या २००१ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, जी मी तिला फोनवर दोनदा वाचून दाखवली: लहानपणी नैराश्य आलेल्यांमध्ये ते जितका जास्त काळ राहिलं, तितकं मोठेपणी वजन जास्त. तिने "हो, हो" म्हणून फोन ठेवला.

शनिवारी परत जातोय. काकू आल्या तर या वेळी भांडण होणार.