मोर्चा कुठे न्यायचा?

दिवाळीच्या सुमारास विदर्भात कापसाचा पहिला वेचा घरी येतो. शेतात सीतादहीची पूजा होते, पऱ्हाटीवर दहीभात शिंपडतात आणि मग बाजारभावाकडे डोळे लागतात. २०२५ साली भावाची काळजी पावसाळ्यातच सुरू झाली. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले. आपल्या कापडउद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे ऐन आपल्या हंगामात परदेशी गाठींना मोकळीक. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, पण भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर ओलाव्याच्या कसोटीला उतरेल त्यालाच. बाकीच्यांना खेडा खरेदीवाला म्हणेल तो भाव.

याचा जाब कुणाला विचारायचा?

जाब विचारणे नागपूरला नवे नाही. १९५३च्या नागपूर करारामुळे इथे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि सीताबर्डीचे रस्ते मोर्चांनी भरून जातात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आदिवासी म्हणून मान्यता मागायला आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, काही महिन्यांत मतदारांनी सरकारही बदलले. गोवारींचे दुःख त्याने फिटले नाही. तरी उत्तर कुणी द्यायचे, हे सर्वांना ठाऊक होते.

१९९४च्याच एप्रिलमध्ये मराकेशला जागतिक व्यापार करारावर भारताने सही केली. शेती हा राज्यांचा विषय, पण सही करण्यापूर्वी विधिमंडळांचा कौल घ्यावा लागला नाही. परदेशी करारांना संसदेची पूर्वसंमती हवीच, असेही आपली राज्यघटना म्हणत नाही. या कराराचा मसुदा असलेल्या डंकेल प्रस्तावात शेतकरी नेते शरद जोशींना शेतकऱ्याची सुटका दिसली, विरोधकांना गुलामगिरी. गावोगावी सभा गाजल्या. मत नोंदवायची सोय मात्र कुठेच नव्हती.

जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेत कागदोपत्री प्रत्येक देशाला एक मत आहे. खरी घासाघीस मूठभर देशांच्या बंद बैठकांत होते. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ साली तक्रार केली आणि ती जिंकली. २०१४ साली अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. यवतमाळच्या शेतकऱ्याला त्या खटल्यात जागाच नव्हती, कारण तिथे फक्त सरकारे दाद मागू शकतात. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी २००३ साली मांडलेले गाऱ्हाणे अजून लोंबकळत आहे. अमेरिकेने नेमणुका अडवल्याने तिथले अपील मंडळही डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत तर मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि १६ टक्क्यांहून अधिक मते एकट्या अमेरिकेच्या हाती आहेत.

मग हात जोडून बसायचे? महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकाला याचे उत्तर मिळते. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीसारख्या गावांनी वॉशिंग्टनला प्रश्न विचारले. बँकेला स्वतंत्र मोर्स समिती नेमावी लागली. १९९२च्या तिच्या अहवालाने पुनर्वसनातल्या आणि पर्यावरणाच्या बाबतीतल्या त्रुटी उघड्या पाडल्या. पुढच्या मार्चमध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले, आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांना थेट तक्रार करता येईल असे तपासणी मंडळ स्थापन केले. धरण थांबले नाही, मणिबेली बुडाले. पण जगभरच्या बाधितांसाठी जी सोय झाली, तिच्यामागे नर्मदाकाठच्या आदिवासींचा हट्ट होता.

आम्ही व्यापाराच्या विरोधात नाही. वऱ्हाडचा कापूस दीडशे वर्षांपूर्वीही लिव्हरपूलला जात होता. आमचे म्हणणे इतकेच, की जिनिव्हाच्या वाटेवर पहिला थांबा आपल्याच घरात आहे. २०२५ साली अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी चालू होती. अशा करारात शेतमालाबाबत काय कबूल होणार, याचा मसुदा सहीच्या आधी संसदेत आणि राज्यांसमोर यावा, आणि हिवाळी अधिवेशनात कापूस उत्पादक भागाच्या आमदारांनी तो मागावा. मागणार नसतील, तर मोर्चा कुठे न्यायचा हे विदर्भाला ठाऊक आहे.

या अंकातले बरेचसे लेखन याच प्रश्नाभोवती फिरते. कथा-कवितांनी आपली वाट स्वतंत्रपणे धरली आहे.

— संपादक