धावपट्टीचे दर्शन

शिर्डीत भाविकाला दर्शनासाठी थांबावे लागते, यात नवल नाही. 2019 च्या नोव्हेंबरात मात्र ती पाळी वैमानिकांवर आली. कोपरगाव तालुक्यातल्या काकडीच्या माळावर 1 ऑक्टोबर 2017 रोजी थाटात सुरू झालेले विमानतळ तेव्हा डोळ्यांनी बघून उतरण्यापुरतेच होते. त्यासाठी पाच हजार मीटरपर्यंत दिसायला हवे. हवा धुरकटली आणि सेवा कित्येक दिवस बंद पडली. अडीच किलोमीटरची धावपट्टी जागेवरच होती, टर्मिनल होते, बाबाही होते. दिसत तेवढे नव्हते.

आयएलएस यंत्रणा असली, की जमिनीवरून निघणाऱ्या दोन रेडिओलहरी विमानाला डावे-उजवे आणि वर-खाली सांगत आणतात. तिच्या अगदी पहिल्या श्रेणीतही 550 मीटरपर्यंत दिसले तरी भागते. ती परवडत नसेल, तर उपग्रह आहेत. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचे विमान आपल्याच ‘गगन’ प्रणालीच्या आधाराने उतरले. इकडे शिर्डीच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी 9 ऑक्टोबर 2024 ला झाली. खर्च 645 कोटींहून अधिक, कल्पना साईबाबांच्या कडुनिंबाची. विमानाची वाट पाहायला सावली झकास मिळेल.

खाजगी वैमानिकाचे दुखणे याहून वेगळे. विमानतळावर सगळी उपकरणे असली, तरी त्याच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांच्या आधाराने उडण्याची पात्रता, नसेल तर ती त्याच्यासाठी शोभेचीच. फ्लाइट प्लॅनच्या आठव्या रकान्यात त्याने ‘व्ही’ लिहायचे, म्हणजे बघून उडणार, रेटिंगवाल्याने ‘आय’. शिवाय हवाई संरक्षणाचा एक क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा दुसरा, असे दोन दर्शनपास हाती पडल्याशिवाय निघता येत नाही. ‘व्ही’वाल्याने ढगापासून दीड किलोमीटर आडवे आणि हजार फूट उभे अंतर राखायचे. सूर्यास्तानंतर त्याला, स्थानिक वा प्रशिक्षणाच्या उड्डाणासाठी मिळणारी सवलत सोडली तर, आकाश बंद. प्रचाराच्या दिवसांत तासभर उशिरा आलेला नेता पाच मिनिटांत भाषण आटोपतो, ते श्रोत्यांची दया येऊन नव्हे. हेलिकॉप्टरच्या पायलटने घड्याळ दाखवलेले असते.

रेटिंगसाठी उपकरणांवरचे चाळीस तास लागतात. त्यातले वीसपर्यंत सिम्युलेटरवर चालतात. विमानात सराव करताना डोक्यावर हूड चढवतात, म्हणजे बाहेरचे काही दिसू नये आणि नजर डायलवरच राहावी. कारण ढगात शिरल्यावर कानातली तोल सांभाळणारी इंद्रिये बेलाशक थापा मारतात. विमान वळत असते आणि बसलेल्याला वाटते, सरळ चाललोय. हा खर्च, हा वेळ अनेकांना नको असतो. मग ‘व्ही’ लिहून निघायचे आणि पुढे ढग आला, तर ‘बघू’ म्हणायचे, ही सवय लागते. ढगात बघण्यासारखे काही नसते, ही त्यातली अडचण.

फ्लाइट प्लॅनच्या त्याच अर्जात, एकोणिसाव्या रकान्यात, इंधन किती वेळ पुरेल, विमानात माणसे किती आणि विमानाचा रंग कोणता, हे विचारतात. ती माहिती शोधपथकासाठी असते.