मदत कोणती, कर्ज कोणते?

न्यू जर्सीतील माझ्या मावसबहिणीला यंदा मॅसॅच्युसेट्समधील दोन महिला महाविद्यालयांत प्रवेश मिळाला. एकाच्या पत्रात आर्थिक मदतीचा आकडा मोठा, दुसऱ्याच्या पत्रात लहान. मावशी म्हणते, "मोठा आकडा घ्यावा, यात विचार तो कसला?" मला मात्र हे पटत नाही.

तो मोठा आकडा उलगडून पाहिला, तर त्यातील निम्मे कर्जच निघाले! अनुदान, कर्ज आणि कॉलेजात काम करून मिळवायचे वेतन ही तिन्ही पुष्कळदा एकाच बेरजेत बसविलेली असतात. वास्तविक अनुदान तेवढे परत करावे वा काम करून मिळवावे लागत नाही. तेव्हा फी, निवास, भोजन व पुस्तके यांच्या खर्चातून केवळ अनुदान वजा करावे. उरेल ती खरी किंमत. ती चारही वर्षांची काढावी. फेरविचारासाठी अर्ज करण्यातही कमीपणा नाही.

१८३७ साली मेरी लायन यांनी माउंट होलिओक काढले, तेव्हा विद्यार्थिनीच घरकाम करीत. म्हणून वर्षाचा खर्च ६० डॉलरवर ठेवता आला. स्मिथ कॉलेजने २०२२ पासून आपल्या मदतीतून कर्ज वगळले. संस्थेने मनावर घेतले, तर मार्ग निघतो.

पदवीबरोबर हप्तेही हाती आले, तर मुलीला मिळेल ती नोकरी धरावी लागते. स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी शिकायचे, आणि त्याच पायात बेडी घालून घ्यायची काय?