माजघरांतल्या गोष्टी : उरलेलें आणि मनांतून उतरलेलें

यंदाच्या होळीनंतर तिसऱ्या दिवशीं आमच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली. धाकट्या सूनबाईनें फ्रिजांतल्या डब्यांतून उरलेल्या दोन पुरणपोळ्या काढल्या, तव्यावर तूप सोडून परतल्या आणि मोठ्या अगत्यानें आमच्या काकूंच्या पानांत वाढल्या. काकू म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. वय वर्षें पंच्याऐंशीं. त्यांनीं पानाकडे पाहिलें, पदर नाकाशीं नेला आणि अगदीं हलक्या आवाजांत म्हणाल्या, "रागावूं नकोस हो बाळ, पण मला पुरण नको. त्याचा वाससुद्धां नको."

सूनबाई ओशाळली, आणि तिच्याहून अधिक मी ओशाळलें. कारण 'काकूंना पुरणपोळी फार आवडते' हा आमच्या घरांतला सर्वमान्य सिद्धान्त होता. १९७९ सालीं मी या घरांत सून म्हणून आलें, तेव्हां सासूबाईंनीं मला ज्या पहिल्या घरगुती रीती सांगितल्या त्यांत ही एक होती : सण आटोपला कीं दोन पोळ्या काकूंसाठीं बाजूला काढून ठेवायच्या. मीं त्या पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ ठेवीत आलें, आणि तितकाच काळ काकू त्या मुकाट्यानें खात आल्या.

दुपारीं दोघी गहूं निवडीत बसलों असतां मीं विषय काढला. प्रथम त्या "जाऊं दे ग, झालें गेलें" म्हणाल्या. परंतु मग आपण होऊनच सांगूं लागल्या.

१९५८ सालीं त्या लग्न होऊन सांगलीच्या वाड्यांत आल्या. घरांत बावीस माणसें, शिवाय शिक्षणासाठीं राहिलेलीं आप्तांचीं मुलें. होळीला पायलीभर हरभऱ्याची डाळ शिजत असे. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी मुलांची व आल्यागेल्याची, आणि दिवस कलूं लागल्यावर बायकांची. पुरुषांच्या पानांत पोळी तव्यावरून उतरतांच तुपासह पडे. बायकांच्या वांट्याला टोपलींतली तळची, वाफेनें ओलसर झालेली येई. त्यांतूनही जें उरे तें दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीं संपविलें पाहिजे. तें पुरुषांना वाढावयाचें नाहीं. मुलांना बाधेल म्हणून त्यांना द्यावयाचें नाहीं. वडील बायकांचे दांत व पित्त यांचाही विचार करावयाचा. शिळें धाकट्या सुनेनेंच खावें असा हुकूम कोणी काढला नव्हता. एकेकाला वगळीत गेलें म्हणजे शेवटीं तीच उरे, इतकेंच.

१९५९ च्या होळीला काकूंना चवथा महिना लागला होता. फाल्गुनांतलें ऊन, तिसऱ्या दिवशीं पुरणाला आंबूस वास येऊं लागलेला. आजेसासूबाईंनीं पोळी समोर ठेवून "अन्नाला नांवें ठेवूं नयेत" एवढेंच म्हटलें. काकूंनीं खाल्ली. रात्रभर वांत्या झाल्या. दोष पुरणाचा कीं त्या दिवसांचा, हें तेव्हांही कळलें नाहीं आणि आतां कळण्याचा उपाय नाहीं. पण त्या रात्रीं पुरण त्यांच्या मनांतून जें उतरलें तें उतरलेंच. पुढच्या वर्षीं पुन्हा पोळी पुढें आली, तेव्हां श्वास रोखून, आमटीच्या घोंटाबरोबर त्यांनीं ती गिळली. ही मुलगी शिळी पोळी निमूटपणें संपविते, त्या अर्थीं तिला ती आवडत असली पाहिजे, असा वडील मंडळींनीं निष्कर्ष काढला, आणि पुढें मायेनेंच तिच्यासाठीं दोन पोळ्या राखूं लागलीं. याला जुलूम तरी कसें म्हणावें? राखणाऱ्यांत मीही होतें, आणि दरवर्षीं पोळी डब्यांत ठेवतांना मला मनापासून समाधान वाटे.

"मग काकू, तुम्हांला आवडतें तरी काय?" मीं विचारलें.

त्या बराच वेळ गहूंच निवडीत राहिल्या. मग म्हणाल्या, "गरम. जें असेल तें गरम."

एखादा पदार्थ मनांतून उतरणें म्हणजे नखरा, हट्ट किंवा माहेरचे लाड, अशी आपल्याकडे समजूत आहे. शास्त्रज्ञांनीं मात्र त्याचा छडा वेगळाच लावला आहे. जॉन गार्सिया या अमेरिकन संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५५ सालीं उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांना सॅकरिन घातलेलें गोड पाणी प्यावयास देऊन त्याच वेळीं गॅमा किरणांनीं त्यांची प्रकृति बिघडविली होती. पुढें ते उंदीर त्या गोड पाण्याला तोंड लावीनातसे झाले. १९६६ सालीं त्यानेंच असें दाखविलें कीं, पोटांतल्या बिघाडाचा दोष प्राणी चवीलाच लावतो. त्या वेळीं दिसलेल्या प्रकाशाला किंवा ऐकलेल्या आवाजाला लावीत नाहीं. खाणें आणि आजारी पडणें यांच्या मध्यें कांहीं तास गेले तरी ही गांठ बसते, आणि एकाच अनुभवानें बसते. मनुष्याचेंही तेंच आहे. पदार्थ निर्दोष आहे, दुखणें दुसऱ्याच कारणानें आलें, हें बुद्धीला पक्कें ठाऊक असतें. पण मळमळ कांहीं बुद्धीला विचारून येत नाहीं.

याचा एक उपयोग वाचक-भगिनींनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. आयलीन बर्नस्टीन या विदुषींनीं १९७८ सालीं, कर्करोगावरचीं तीव्र औषधें घेणाऱ्या मुलांविषयीं लिहिलें. औषधाच्या आधीं ज्या मुलांना नव्या चवीचें आइस्क्रीम दिलें होतें, त्यांतल्या पुष्कळांनीं पुढें तें नाकारलें. नंतर असेंही आढळलें कीं, जेवण आणि औषध यांच्या मध्यें एखादी अनोळखी चवीची गोळी चघळावयास दिली, तर तो आळ बराचसा त्या गोळीवर जातो आणि जेवणांतले पदार्थ वांचतात. घरांत असें दुखणें असेल तर रोग्याच्या आवडीचा शिरा किंवा खीर औषधाच्या ऐन तोंडावर आग्रहानें चारूं नये. आपण मायेनें वाढावयाचें आणि तो पदार्थ त्याच्या जन्माचा वैरी व्हावयाचा, असें होतें.

सगळाच वीट कांहीं पोटांतून येत नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आणलेली मिलो नांवाची लाल ज्वारी रेशनच्या दुकानांत मिळे. आमच्या मामंजींनीं ती कुरकूर न करितां खाल्ली. त्यांना ती बाधलीही नाहीं. पुढें बरे दिवस आले. पण एकदां मीं हौसेनें नाचणीची भाकरी केली, तेव्हां तिचा रंग पाहून ते ताटावरून उठतांउठतां राहिले. "ही ती नव्हे ना?" एवढेंच त्यांनीं विचारलें. नंतर ते जेवले, पण नाचणी आमच्या स्वयंपाकघरांत परत शिरली ती ते गेल्यावरच.

तर मग उरलेलें सारें टाकून द्यावयाचें काय? मुळींच नाहीं. आमच्या शास्त्रकारांनींही याचा विचार केला होता. गीतेच्या सतराव्या अध्यायांत प्रहर उलटून गेलेलें, शिळें अन्न तामसांना प्रिय म्हणून सांगितलें आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत मात्र तूप-तेल घातलेले पदार्थ, तसेच गहूं, जव व दूध यांचे प्रकार शिळे झाले तरी चालतात अशी सवलत आहे. दिवाळीच्या फराळाचा सगळा डोलारा या सवलतीवर उभा आहे म्हणाना! आणि ती सवलत नुसती लोकांच्या जिभेसाठीं नसावी. लाडवांत, शंकरपाळ्यांत, चिवड्यांत पाणी राहिलेलेंच नसतें, म्हणून ते टिकतात; बिघडले तर हवा लागून खवट होतात, आंबत नाहींत. संक्रान्तीची गूळपोळी आठ दिवस खुशाल राहते, कारण तिच्या पोटांत गूळ, तीळ व तेलांत भाजलेलें बेसन. पुरणपोळीच्या पोटांत शिजविलेली डाळ, म्हणजे ओल. फाल्गुनांतली पुरणपोळी उघड्यावर तिसरा दिवस पाहूं नये. करंजी ओल्या नारळाची असेल तर तिलाही हाच नियम. उलट, कटाची आमटी दुसऱ्या दिवशीं मुरून पहिल्या दिवसापेक्षां सरस लागते, हें पुरुषांनाही मान्य आहे. तिच्यावर मात्र कोणी शिळेपणाचा आक्षेप घेतलेला मीं ऐकिला नाहीं! गुजराथेंत आणि आपल्याकडेही कांहीं घरांत श्रावणांतल्या शीतलासप्तमीला चूल पेटवीत नाहींत. आदल्या दिवशीं रांधलेलें सगळें घर मिळून खातें. 'सगळें घर मिळून' हे शब्द मीं मुद्दाम लिहिले आहेत.

भाताविषयीं थोडें सावध राहिलें पाहिजे. तांदळांत 'बॅसिलस सिरियस' नांवाच्या जंतूंचीं बीजें असतात. तीं भात शिजतांना मरत नाहींत. कोमट भात पातेल्यांत तसाच तासन् तास राहिला कीं तीं वाढीस लागतात, आणि त्यांचें एक विष असें आहे कीं पुन्हा तापविल्यानें, फोडणीनें तें नाहींसें होत नाहीं. म्हणून सकाळीं फोडणीचा भात करावयाचा असेल तर रात्रींचा भात परातींत पसरून लवकर निववावा आणि तास-दोन तासांच्या आंत फ्रिजांत ठेवावा. 'ओट्यावर झांकून ठेवला होता' ही कांहीं भाताची काळजी नव्हे.

उरलेल्याची अडचण केवळ आपल्याच घरांत आहे असेंही नाहीं. माझी भाची अमेरिकेंत असते. तिकडे नोव्हेंबरच्या चवथ्या गुरुवारीं आभारप्रदर्शनाचा सण असतो व त्या दिवशीं आख्खा टर्की पक्षी भाजतात. (या पानावर मांसान्नाचा विषय काढल्याबद्दल वडील वाचकांनीं क्षमा करावी, आम्ही तो फक्त लांबूनच पाहात आहों.) तो पक्षी इतका मोठा कीं, एका जेवणांत संपणें कठीण. मग पुढचे तीन-चार दिवस त्याचे काप पावांत घालून खावयाचे आणि हाडांचें सार करावयाचें. इंग्लंडांतही पूर्वापार रविवारीं मांस भाजून सोमवारीं तेंच थंड खाण्याची व मग उरल्याचा खिमा करून बटाट्याखालीं दडविण्याची रीत. उरलेला कोबी-बटाटाही तव्यावर परतून वाढीत. भाचीची शेजारीण, सत्तरी उलटलेली बाई, तिला एकदां म्हणाली कीं, सणाच्या दिवशीं माझ्या घशाखालीं टर्की उतरत नाहीं, कारण लहानपणीं आई तो पुढच्या रविवारपर्यंत पुरवीत असे. मात्र त्या बाईनें आपली नावड सांगितली आणि तिच्या मुलांनीं तिच्यासाठीं दुसरें कांहीं केलें. काकूंना सांगावयास सहासष्ट वर्षें लागलीं.

आमच्या घरीं आतां पोळ्या माणसें मोजून होतात. तरीही दोन-चार उरतातच, कारण 'पुरल्या नाहींत' हा शब्द कोणत्याही गृहिणीला सहन होत नाहीं, मलाही नाहीं. त्या दिवशींच्या त्या दोन पोळ्यांचें काय करावें, हा प्रश्न रात्रींपर्यंत राहिला. सूनबाई त्या स्वतःच संपवूं लागली होती. मीं तिच्या हातून डबा घेतला आणि पोळ्या पुन्हा गरम न करितां थोरल्या भावोजींच्या पानांत वाढल्या. काकूंच्या पानांत कुकरमधला नुकताच काढलेला भात होता, वर वरण आणि तूप.

थोरले भावोजी त्या वाड्यांतच वाढलेले. १९५९ सालीं ते पहिल्या पंगतींत बसण्याइतके मोठे नव्हते, पण दुसऱ्या पंगतींत खास होते. त्यांनीं पोळीचा एक घांस घेतला, मग दुसरा घेतला आणि पाण्याचा पेला उचलला.

"काकू," ते म्हणाले, "तिसऱ्या दिवशीं ही अशी लागते होय?"

"ही फ्रिजांतली आहे रे," काकू भात कालवीत म्हणाल्या. "आमची आंबट असे."