काळे आणि काले एकच कसे?

गेल्या गणेशोत्सवात आपल्यातल्या एका कुटुंबाला आमंत्रण गेले नाही. चूक माझी होती, म्हणून आधी कबुली देतो. निरनिराळ्या वर्षांच्या याद्या एकत्र करून सभासदांची एकच यादी बनवायचे काम मी हौसेने अंगावर घेतले होते. दुबार नोंदी काढण्यासाठी बिशानच्या घरी एका रविवारी छोटासा प्रोग्रॅम लिहिला. नाव आणि आडनाव जुळले की दुसरी नोंद खोडायची, एवढीच त्याची अक्कल! यादीत एक काळे होते, एक काले. दोघांचे पहिले नाव एकच, आणि इंग्रजीत दोघेही के-ए-एल-ई. प्रोग्रॅमने एक अख्खे घर पुसून टाकले. नंतर त्या घरातल्या आजी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आम्हाला वगळलंत होय?" काय उत्तर देणार?

त्याच यादीत ज्यांनी अर्ज देवनागरीत भरले होते, त्यांपैकी एका गोऱ्हे कुटुंबाला दोन आमंत्रणे गेली. आणि खापर फुटले ते देवनागरीवर! "कशाला ही कटकट? सगळं इंग्रजीतच करून टाका," असा सूर निघाला. माझा त्याला ठाम विरोध आहे. दोन पत्रे गेली तर एक कागद वाया जातो. पत्र गेलेच नाही तर माणूस दुरावतो.

संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त क्रमांक दिसतात. गोऱ्हे मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ या वेगळ्या अक्षराचा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच, आतले क्रमांक मात्र वेगळे. यंत्राला वाटते, ही दोन माणसे. ताडून पाहण्याआधी सगळी नावे एका साच्यात आणली की प्रश्न मिटतो. पण काळे आणि काले यांच्यातला फरक रोमन लिपीत उरतच नाही. जे लिहिलेच नाही, ते कुठला प्रोग्रॅम शोधणार?

तीच गत अनुक्रमाची. यूनिकोडमध्ये ळ चा क्रमांक 2355, ह चा 2361. आपल्या अंकलिपीत मात्र ळ येतो ह नंतर. नुसत्या क्रमांकांनी यादी लावली तर काळे हे कावळे यांच्या आधी येतात. मराठी क्रमाने ते कासार यांच्याही नंतर यायला हवेत. मराठीचा हा क्रम यूनिकोडच्याच सीएलडीआर या संग्रहात नोंदलेला आहे आणि फुकट मिळतो. तो वापरायचा आळस आम्हा प्रोग्रॅमरांचा; लिपीचा त्यात काय दोष?

आपल्या शेजाऱ्यांकडे पाहा. बिशानच्या जागी पूर्वी पेक सान थेंग ही कँटोनीज आणि हाक्का लोकांची दफनभूमी होती. 'पेक सान' आणि 'बिशान' हे त्याच दोन चिनी अक्षरांचे उच्चार, पहिला कँटोनीज, दुसरा मँडरिन. रोमन स्पेलिंग ताडले तर दोन गावे, चिनी अक्षरे ताडली तर एकच! इथल्या चिनी माणसाच्या ओळखपत्रावर रोमन नावाबरोबर चिनी अक्षरांतले नावही असते. त्यांना त्याची कटकट वाटत नाही. मग आपल्यालाच का वाटावी?

म्हणून माझी मागणी साधी आहे. अर्जावर नावाचे दोन रकाने ठेवा: एक पासपोर्टप्रमाणे रोमन, दुसरा देवनागरी. दोन नोंदी ताडताना नावाबरोबर सहा अंकी पोस्टल कोड आणि घराचा क्रमांकही पाहा. यंत्राने फक्त शंका दाखवावी. नाव खोडायचे ते माणसाने, एक फोन करून.

"आमच्या मुलांना देवनागरी येत नाही," असे कुणी म्हणेल. मग तो रकाना मुलांकडूनच भरून घ्या. शाळेत ज्याला 'केल' म्हणून हाक मारतात, त्या मुलाला निदान एकदा तरी कळू दे, की आपण काळे आहोत की काले.