वाघ दाखवणार ना, नक्की?

जूचंद्रमध्ये वाढलेल्या माणसाला पहिला वाघ भेटतो तो रांगोळीत. खोटं वाटत असेल तर दिवाळीत नायगावला उतरा, रिक्षा पकडा आणि आमच्या गावात या. इथली पोरं नुसत्या रांगोळीनं अशी काही पोर्ट्रेट काढतात की बघायला बाहेरगावाहून गर्दी होते. त्यात एखादा वाघ असायचाच. मिशीचा केस न् केस वेगळा, डोळ्यांत चमक, एकदम सॉलिड. भोवती दोरी बांधलेली आणि बाजूला एक काका उभे, ‘ए, लांबून! लांबून बघा!’ म्हणून ओरडत.

खराखुरा वाघ बघायचा योग यायला मात्र वयाची सत्ताविशी उलटावी लागली. सगळं सुरू झालं एका एक्सेल शीटपासून. आमच्या ग्रुपमध्ये एक आयटीवाला आहे. तो आयुष्यातली प्रत्येक गोष्ट एक्सेलमध्ये करतो, बहुतेक लग्नसुद्धा तसंच करेल. २०२५च्या मार्च महिन्यात त्यानं ग्रुपवर शीट टाकली: ‘मे मिशन’. दिवस पहिला, ताडोबा. दिवस तिसरा, कोलाडला राफ्टिंग. दिवस चौथा, कामशेतला पॅराग्लायडिंग. पाचव्या दिवशी सकाळी नऊ वाजता सगळे आपापल्या ऑफिसात. शेवटच्या कॉलमचं नाव होतं ‘व्याघ्रदर्शन’ आणि त्यात लिहिलं होतं ‘गॅरंटीड’.

बॉस, नकाशा बघ की रे! ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात, कोलाड रायगडात, कामशेत पुण्याच्या अलीकडे. एक्सेलमध्ये हे तिन्ही एकाखाली एक सुंदर बसतात, पण मधलं अख्खं महाराष्ट्र राज्य कोण ओलांडणार? आणि ती ‘गॅरंटी’ कुठून आली विचारलं, तर म्हणे एका एजंटनं फोनवर दिली. गॅरंटी म्हटल्यावर बाकीचे चौघेही खूश. पाच जण एका बाजूला आणि मी एका बाजूला, त्यामुळे मी गप्प बसले.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, ‘वाघ बगाला यवरे पैसं? आपले डोंगरान बिबट्या हाय ना, फुकट!’

तिचं काही चुकीचं नव्हतं. चंडिकादेवीच्या टेकडीवरून दिसते ती तुंगारेश्वरची डोंगररांग २००३पासून अभयारण्य आहे, साधारण ८५ चौरस किलोमीटरचं. एका बाजूला बोरिवलीचं नॅशनल पार्क, दुसऱ्या बाजूला तानसा, आणि मधला दुवा म्हणजे हे आमचं जंगल. बिबटे तिथे आहेतच. २०२४मध्ये मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्याच्या परिसरात एक बिबट्या दिसला आणि पिंजऱ्यात सापडेपर्यंत पुढचे तीनेक आठवडे अख्ख्या वसईनं संध्याकाळ झाली की दारं लावून घेतली. गंमत बघा, बिबट्या आपल्या दारात आला की आपण कडी घालतो आणि सुट्टी टाकून, पैसे भरून वाघाच्या दारात जातो, तेव्हा म्हणतो, अजून थोडं पुढे घ्या ना.

असो. प्लॅनिंगकडे येते, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी हे पान त्यासाठीच उघडलं असणार.

ताडोबाला जायचं तर आधी बुकिंग, मग तिकीट, मग रजेचा अर्ज. आम्ही उलट्या क्रमानं केलं आणि तोंडावर आपटलो. सफारीचं बुकिंग ऑनलाइन होतं, ते सरकारी वेबसाइटवर स्वतः करा. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, सोबत गाइड आणि ड्रायव्हर. सहाही जणांची नावं आणि ओळखपत्राचे नंबर बुकिंग करतानाच द्यावे लागतात आणि गेटवर तेच ओळखपत्र दाखवावं लागतं. ऐनवेळी ‘माझ्याऐवजी माझा मावसभाऊ’ हा फंडा चालत नाही. मंगळवारी पार्क बंद. शनिवार-रविवारचे दर जास्त. म्हणजे आपल्यासारख्या नोकरदारांनी बुधवार-गुरुवार साधावेत आणि बॉसला काय सांगायचं ते आपापलं ठरवावं. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो, बफरमध्ये मात्र पावसाळ्यातही फिरता येतं. कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, बफर अकराशेचा. ‘बफर म्हणजे सेकंड क्लास’ असं जे कोणी सांगतं ना, त्याचं ऐकू नका. वाघाला गेट कुठलं ते माहीत नसतं.

सीझनचं म्हणाल, तर एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावरं येतात, म्हणून वाघ दिसायची शक्यता जास्त. पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे पंचेचाळीसच्या पुढचा पारा, आणि जिप्सीला छप्पर नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा झकास, गवत उंच, वाघ कमी दिसणार. निवड तुमची.

आम्ही मेमध्ये गेलो. जूचंद्र स्टेशनवरून मेमूनं दिवा, तिथून कल्याण, संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी नागपूर आणि पुढे भाड्याच्या गाडीनं मोहर्ली. त्याच दिवशी दुपारची सफारी घेऊ नका, हा फुकटचा सल्ला. आम्ही घेतली आणि अर्ध्या वाटेत तिघं जण बसल्या जागी घोरत होते. चितळांचा कळप बघायला त्यांना उठवलं तर म्हणे, ‘वाघ आला की उठव.’

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र सगळे जागे होते. आमची गाइड मुलगी होती, माझ्याच वयाची, बफरमधल्या एका गावातली. आधी तिनं सगळ्यांचे मोबाइल बंद करून आपल्या पिशवीत जमा केले. मग एकेक गोष्ट दाखवायला लागली. पांढरंफट्ट, भुतासारखं दिसणारं कुलूचं झाड, अस्वलानं उकरलेलं वारूळ, रस्त्याच्या धुळीत उठलेले वाघाचे ताजे पंजे. वानर झाडाच्या शेंड्यावरून ओरडतं तेव्हा त्याला वरून काय दिसतंय, सांबराचा कॉल चितळाच्या कॉलपेक्षा जास्त भरवशाचा का, हे तिनं असं सांगितलं की मी वाघबिघ विसरून गेले. चितळ उगाचही घाबरतं जी, ती म्हणाली, सांबर उगाच बोलत नाही.

आणि मग सांबर बोललं.

जिप्सी थांबली. सत्तर-ऐंशी पावलांवर बांबूतून एक वाघीण रस्त्यावर आली, थांबली, मागे वळून बघत राहिली. गाइड कुजबुजली, ‘पिल्लू हाय मागे.’ पिल्लू आम्हाला दिसत नव्हतं. आमच्यामागे आणखी दोन जिप्सी येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात आमच्या एक्सेलवाल्यानं पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. हातात पाचशेची नोट. ‘भाऊ, थोडं पुढे. एक फोटो.’

ड्रायव्हरनं गिअर टाकला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. जिप्सी चार हात सरकलीही.

‘नाही,’ गाइड म्हणाली. मोठ्यानं नव्हे, पण अशा आवाजात की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला. ‘मागे घ्या.’

गाडी मागे आली, मागच्या दोन्ही गाड्यांनाही तिनं हातानंच मागे घ्यायला लावलं. दोन-तीन मिनिटं काही घडलं नाही. मग वाघिणीनं हलकासा आवाज केला आणि बांबूतून ते पिल्लू बाहेर पडलं. मोठ्या कुत्र्याएवढं असेल. आईच्या मागोमाग रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात गेलं. आम्हाला दिसल्या त्या दोघांच्या पाठी, बस्स. एक्सेलवाल्याच्या कॅमेऱ्यात एक पिवळट डाग आला.

नाश्त्याला गाडी थांबली तेव्हा तो धुसफुसत होता. ‘एवढे पैसे भरले आपण. चार फुटांनी काय बिघडणार होतं?’

गाइडनं ते ऐकलं. मला वाटलं, भांडण होणार. ती फक्त म्हणाली, ‘दादा, तुम्ही उद्या मुंबईला जाल जी. माझा मात्र नंबर जाईल.’

नंबर म्हणजे काय ते मला नंतर कळलं. गाइडना पाळीनं गाड्या मिळतात, नियम मोडला की पाळी जाते, काम बंद. ३१ डिसेंबर २०२४ची उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातली गोष्ट तुम्ही वाचली असेल. ‘एफ २’ नावाची वाघीण आणि तिची पाच पिल्लं यांचा रस्ता जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवला होता. त्याचे व्हिडिओ फिरले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. गाइड आणि ड्रायव्हर निलंबित झाले, दंड झाला. ते योग्यच. पण त्या गाड्यांमध्ये मागच्या सीटवर कोण बसलं होतं? थर्टी फर्स्टची सुट्टी टाकून आलेली आपल्यासारखीच माणसं. ‘पुढे घ्या’ हे कुणाच्या तोंडून निघालं असेल, याचा अंदाज मी माझ्या जिप्सीवरून करू शकते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे २०२५ला, सुप्रीम कोर्टानंही व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमध्ये पर्यटकांच्या मोबाइलवर बंदी घालायला सांगितलं. आपल्याला खिशातला फोन खिशात ठेवता येत नाही म्हणून सुप्रीम कोर्टाला वेळ काढावा लागतो, कमाल आहे!

त्या नाश्त्याच्या वेळची आणखी एक गोष्ट. मी तिला सहज विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हणाली, आई असते, पण सध्या घरी थांबत नाही, तेंदूपानाचा सीझन आहे ना. त्याआधी मोहफुलं. म्हणजे जे आपले पीक सफारीचे महिने, त्याच महिन्यांत तिची आई पहाटे पायी जंगलात जाते. आम्ही पोचायच्या दोनेक आठवडे आधी, १० मेला, त्याच जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात मेल्या होत्या. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी. ‘आईला सांगते, एकटी जाऊ नको. दुसरं काय सांगणार?’ ती म्हणाली आणि डबा बंद करून जिप्सीत जाऊन बसली. एक्सेलवाल्यानं ब्रेड खाली ठेवला. परतीच्या वाटेवर तो एकदाही ‘वाघ’ हा शब्द बोलला नाही. गेटवर उतरताना तीच पाचशेची नोट त्यानं तिच्यापुढे टिप म्हणून धरली. तिनं घेतली. का नाही घ्यायची? नियमात राहून कमावलेली होती.

तेव्हापासून प्लॅनिंग करताना मी एकच चाचणी लावते: समोरच्या माणसाला आपल्याला ‘नाही’ म्हणता येतं का? गॅरंटी देणारा एजंट पहिल्याच फोनवर बाद.

कोलाडचं राफ्टिंग आम्ही त्या मिशनमधून काढून जानेवारीतल्या एका शनिवारी वेगळं केलं. कुंडलिका नदीत राफ्टिंगचं पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडतात म्हणून. दुपारी आरामात उठून गेलात तर राफ्ट दगडांवर बसेल. आमच्यातला एक जण रात्रभर जागून आणि ‘थोडीशीच’ घेऊन आला होता. आयोजकानं त्याचा चेहरा बघितला आणि हेल्मेट परत घेतलं. पैसे परत देतो, पाण्यात नेणार नाही. पोरगा चिडला, काठावर बसून राहिला. मी मात्र त्या आयोजकाचा नंबर सेव्ह करून ठेवला. आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसतं का, राफ्टवरचा गाइड किती सीझन या नदीवर आहे, हे विचारायला लाजू नका. ‘मॅडम, टेन्शन नको घेऊ’ एवढंच उत्तर आलं, तर टेन्शन घ्या.

धबधब्यांचंही तेच. आमच्या शेजारी कामणजवळ चिंचोटी आहे. पाऊस पडला की मुंबईहून बाइकवरून झुंडी येतात. तिथल्या डोहात किती पोरं गेली, याची मोजदाद आमच्याकडच्या लोकांनी सोडून दिली आहे. पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, पोलीस उभे राहतात, तरी कुणीतरी मागच्या वाटेनं घुसतंच. इथे ‘नाही’ म्हणायला गाइड नसतो, तेवढाच फरक.

ताडोबाहून परत आलो त्या रात्री दिव्याहून शेवटची मेमू चुकली आणि ठाण्याहून रिक्षा, बस असं करत घरी पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. आई जागी.

‘दिसला का?’

‘दिसली. वाघीण होती. पिल्लू होतं बरोबर.’

‘जवळून?’

‘नाही गं, लांबून. पाठच दिसली.’

‘बरा झाला,’ ती म्हणाली आणि आमटी गरम करायला आत गेली.